चहाचा कर आणि न्यायाधीशाचा पगार

1774 च्या ऑगस्टअखेर बोस्टनच्या न्यायालयात ज्युरीचे सभासद हजर झाले आणि त्यांनी शपथच घ्यायचे नाकारले. त्यांच्यात पॉल रिव्हिअर नावाचा चांदीकाम करणारा कारागीरही होता. आपण ज्युरीत का बसणार नाही याची कारणे त्यांनी लेखी दिली. त्यातले एक कारण न्यायासनावरच्या माणसाविषयी होते. हा माणूस म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या ब्रिटिश वसाहतीचे मुख्य न्यायाधीश पीटर ऑलिव्हर. वसाहतीच्या प्रतिनिधी सभेने त्यांच्यावर त्याच वर्षी महाभियोग ठेवला होता.

ऑलिव्हर लाच घेताना सापडले नव्हते. त्यांनी पगार घेतला होता, आणि तोही उजळ माथ्याने. इतकी वर्षे तुटपुंज्या मानधनावर काम केले, आता राजा देतो आहे तर मी घेणार, असे त्यांचे म्हणणे होते. अडचण एवढीच, की हा पगार प्रतिनिधी सभेने मंजूर केलेला नव्हता. तो राजाच्या तिजोरीतून येणार होता, आणि त्या तिजोरीत तो पैसा अमेरिकेच्या बंदरांत उतरणाऱ्या मालावरच्या, मुख्यतः चहावरच्या, करातून जमत होता. बाकीच्या चार न्यायाधीशांनी लोकांचा रोष पाहून राजाचा पगार नाकारला. ऑलिव्हर अडून बसले.

बोस्टनच्या बंदरात चहा फेकला गेला हे आपण शाळेत शिकलो. कर जाचक होता, लोक चिडले, पेट्या समुद्रात गेल्या, क्रांती झाली. चहाच्या पेट्यांपाशीच थांबले तर ही गोष्ट उलटी समजते, असे माझे मत आहे. ती ऑलिव्हर यांच्या पगारापासून वाचायला हवी, कारण भांडण कर किती यावर नव्हतेच. कराचा पैसा हाती आल्यावर अंमलदार कोणाला बांधील राहणार, यावर ते होते. आणि हा प्रश्न अडीचशे वर्षांनी आपल्याही दारात उभा आहे.

ब्रिटनची बाजू लंगडी नव्हती, हे आधी कबूल करायला हवे. 1763 मध्ये सात वर्षांचे युद्ध संपले तेव्हा ब्रिटनवर 13 कोटी पौंडांच्या आसपास कर्ज होते. फ्रेंचांना कॅनडातून हुसकावल्याचा सर्वांत मोठा फायदा अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांनाच झाला होता. त्यांच्या सरहद्दीवर सुमारे दहा हजार सैनिक ठेवायचे ठरले होते. इंग्लंडातला सामान्य माणूस त्यांच्यापेक्षा कितीतरी पट जास्त कर भरत होता. मग तुमच्या रखवालीचा थोडा खर्च तुम्ही उचला, असे पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल म्हणाले तर त्यात वावगे काय? कोणाही व्यवहारी माणसाला पटेल असा हा मुद्दा होता.

सुरुवात झाली मळीपासून. साखर कारखान्याच्या पट्ट्यात राहणाऱ्याला मळी म्हणजे काय ते सांगायला नको; इतरांसाठी, साखर काढल्यावर उरणारा दाट काळा पाक. वेस्ट इंडीजच्या बेटांवरून मळी येई आणि न्यू इंग्लंडातल्या, म्हणजे बोस्टनच्या आसपासच्या वसाहतींतल्या, भट्ट्यांत तिची रम होई. परकी मळीवर 1733 पासून गॅलनला सहा पेन्स कर होता, पण तो कागदावरच. जकात अधिकाऱ्याच्या हातावर थोडेफार ठेवले की पिंपे उतरत. 1764 च्या कायद्याने हा दर सहावरून तीन पेन्सांवर आणला. दर निम्मा झाला, आणि विरोध तेव्हा पेटला.

कारण आता तो खरोखर वसूल होणार होता, आणि वसुलीची यंत्रणा नवी होती. चोरट्या आयातीचा खटला दूर कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या आरमारी न्यायालयात नेता येणार होता. तिथे ज्युरी नव्हती. माल कायदेशीर आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर होता, आणि जप्त मालाच्या किमतीत पकडणाऱ्या अधिकाऱ्याचा वाटा असे. शिवाय कायद्याच्या प्रस्तावनेतच स्पष्ट लिहिले होते, की हा कर महसुलासाठी आहे. तोवरची जकात व्यापाराला वळण लावण्यासाठी असते असे मानून लोक ती सहन करत, किंवा चुकवत. आता पैसा गोळा करायचा हाच हेतू होता.

वसाहतवाल्यांच्या बाजूने लिहितानाही एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 1766 मध्ये मळीवरचा दर एक पेनीवर आला, तेव्हा तो बहुतेकांनी मुकाट्याने भरला. तोही महसुलासाठीच होता, त्यालाही त्यांची संमती नव्हती, आणि त्यातून सरकारला चांगले उत्पन्नही मिळत राहिले. ‘तत्त्वासाठी लढलो’ म्हणणाऱ्यांच्या पोथीतले हे पान जरा अवघड आहे. पण तत्त्वे आकाशातून तयार होऊन पडत नाहीत. आधी कुठेतरी टोचते, मग माणूस का टोचले ते शोधू लागतो. काय टोचत होते हे नेमके कळायला या लोकांना आणखी एक वर्ष लागले.

मधल्या मुद्रांक कायद्याची, म्हणजे छापील आणि कायदेशीर कागदांवरच्या कराची, हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. 1765 मध्ये तो आला, दंगे झाले, नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले, आणि मार्च 1766 मध्ये तो मागे घेतला गेला. मात्र त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा करून ठेवला: वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधील करतील असे कायदे करण्याचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. हात मागे घेतला, पण मूठ सोडली नाही.

मग 1767 मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाऊनशेंड यांनी काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांच्या आयातीवर कर बसवले. अपेक्षित उत्पन्न वर्षाला सुमारे 40,000 पौंड, म्हणजे साम्राज्याच्या कर्जापुढे चिल्लर. या रकमेने कर्ज फिटणार नव्हते आणि सैन्यही पोसले जाणार नव्हते. मग ती होती कशासाठी? तेही कायद्यात लिहिले होते: न्यायदानाचा आणि मुलकी कारभाराचा खर्च भागवण्यासाठी. साध्या भाषेत, गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. आपल्याकडे म्हण आहे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर नेमायचा राजाने, पण त्याच्या ताटात पोळी वाढायची लोकांच्या सभेने. पगाराचा ठराव दर वर्षी होई. गव्हर्नर फार ताणू लागला, की सभा पगाराचा विषय पुढे ढकले. एवढ्याशा दोरीने तीन हजार मैलांवरच्या राजाचा माणूस स्थानिक लोकांचे ऐकून घेत होता. टाऊनशेंड यांना ही दोरी कापायची होती, आणि ती वसाहतीच्याच पैशाने कापायची होती.

न्यायाधीशांच्या बाबतीत हे आणखी गंभीर होते. इंग्लंडात 1701 च्या कायद्यानंतर न्यायाधीशाला राजाच्या लहरीखातर काढता येत नसे. वसाहतींत मात्र तो राजाची मर्जी असेपर्यंतच खुर्चीवर. नेमणूक राजाची, बडतर्फी राजाची. एकटा पगार तेवढा लोकांकडे होता. तोही गेला तर त्या खुर्चीत आणि लोकांत कोणताच धागा उरत नव्हता. न्यायाधीशाचा पगार दर वर्षी सभेच्या मर्जीवर असावा, हीसुद्धा काही आदर्श व्यवस्था नव्हे, हे मला मान्य आहे. आपल्या राज्यघटनेने न्यायाधीशांचे पगार संचित निधीवर भारित ठेवले आणि त्यावर मतदानच होणार नाही अशी सोय केली, ती जास्त शहाणपणाची. पण दोन्ही दोऱ्या एकाच हातात देणे ही त्याहून कितीतरी वाईट व्यवस्था, आणि लंडन तीच आणत होते.

पेनसिल्व्हेनियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी शेतकऱ्याच्या नावाने लिहिलेल्या बारा पत्रांत धोक्याची हीच खूण दाखवली. लोकांनी आयातीवर बहिष्कार टाकला. घराघरांत चरखे बाहेर आले, बायका एकत्र बसून सूत कातू लागल्या, जाडेभरडे घरचे कापड घालणे मानाचे झाले. (हे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे वेगळेच चरखे येतात, आणि ते साहजिक आहे.) व्यापार घटला, तेव्हा लंडन नमले. 1769 च्या मे महिन्यात मंत्रिमंडळात चर्चा झाली: सगळेच कर काढायचे, की चहावरचा ठेवायचा? पाच विरुद्ध चार मतांनी चहावरचा राहिला. एका मताने. 5 मार्च 1770 रोजी नवे पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांनी बाकीचे कर रद्द करण्याचा प्रस्ताव पार्लमेंटमध्ये मांडला. त्याच रात्री बोस्टनच्या रस्त्यावर सैनिकांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या आणि पाच माणसे गेली.

त्यानंतर दोन-अडीच वर्षे बरीच शांतता होती. ही शांतता कशाने मोडली? 1772 मध्ये बातमी आली, की गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांच्यापाठोपाठ वरिष्ठ न्यायाधीशांचे पगारही आता राजा देणार. नोव्हेंबरमध्ये सॅम्युएल अ‍ॅडम्स यांच्या पुढाकाराने बोस्टनमध्ये पत्रव्यवहार समिती स्थापन झाली आणि तिने गावोगावी पत्रे धाडली. पुढे हेच जाळे क्रांतीचा कणा झाले. चहाची एकही पेटी फुटण्याच्या वर्षभर आधीची ही गोष्ट आहे. चहा महाग झाला म्हणून कोणी हे जाळे विणले नाही.

चहा तर उलट स्वस्त होणार होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या गोदामांत सुमारे 1 कोटी 70 लाख पौंड वजनाचा चहा पडून होता आणि कंपनी दिवाळ्याच्या उंबरठ्यावर होती. 1773 च्या कायद्याने कंपनीला मधले व्यापारी वगळून थेट अमेरिकेत माल पाठवायची मुभा दिली आणि इंग्लंडातला करही परत मिळू लागला. हा चहा चोरट्या डच चहापेक्षा कमी भावात मिळणार होता. फक्त पौंडामागे तीन पेन्सांचा तो कर तसाच ठेवला. हिशेब असा, की लोक स्वस्ताईकडे बघतील, चहा पितील, आणि घोटाघोटाबरोबर पार्लमेंटचा अधिकारही गिळतील.

माझ्या स्वयंपाकघरात चहाचा पुडा आहे. त्यावर बारीक अक्षरात छापले आहे, ‘कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित’. मालावरच्या कराचे हे वैशिष्ट्य आहे. जमिनीचा सारा मागायला माणूस दारात येतो. हा किमतीच्या पोटात बसून येतो. देणाऱ्याला आपण दिले हे कळतही नाही, आणि जे दिल्याचे कळत नाही त्याचा हिशेब कोण मागणार? बोस्टनच्या लोकांचे मोठेपण मला इथे वाटते. किंमत कमी झालेली असतानाही त्यांनी आतला कर ओळखला.

डार्टमाउथ, एलिनॉर आणि बीव्हर ही तीन जहाजे बंदरात उभी होती. वीस दिवसांत कर भरला नाही तर जकात खाते माल ताब्यात घेणार होते, आणि डार्टमाउथची मुदत 17 डिसेंबरला संपत होती. 16 तारखेला सभागृहात सुमारे पाच हजार माणसे जमली. डार्टमाउथचा तरुण मालक फ्रान्सिस रॉच जहाज परत नेण्याचा परवाना मागायला हचिन्सन यांच्याकडे मिल्टनला गेला आणि रिकाम्या हाताने आला. अंधार पडल्यावर माणसे धक्क्याकडे निघाली. तीन तासांत 342 पेट्या फुटल्या, सुमारे 92,000 पौंड चहा पाण्यात गेला. ओहोटी होती, त्यामुळे चहाचे ढीग गवताच्या गंजीसारखे पाण्यावर येऊ लागले आणि पोरांना ते पायांनी ढकलावे लागले. काम झाल्यावर त्यांनी डेक झाडून दिले. एक कुलूप तुटले होते, त्याच्या जागी नवे आणून दिले. ज्याने कपड्यांत चहा भरून न्यायचा प्रयत्न केला त्याला पकडून हाकलले. कंपनीचे नुकसान झाले 9,659 पौंडांचे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खरा आहे. यात चोरट्या व्यापाऱ्यांचा स्वार्थ होता. स्वस्त चहा आला असता तर जॉन हॅनकॉकसारख्या बोस्टनच्या व्यापाऱ्यांचा धंदा बसला असता. कंपनीचा चहा विकण्याचा मक्ता ज्यांना मिळाला त्यांत हचिन्सन यांचेच दोन मुलगे होते आणि बाकीच्यांना काही नव्हते. मान्य. पण एखाद्याचा स्वार्थ एखाद्या मुद्द्याशी जुळला म्हणून तो मुद्दा खोटा ठरत नाही. ऑलिव्हर यांना पगार कोणी द्यावा हा प्रश्न हॅनकॉक यांच्या नफ्याने सुटत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. ज्या मळीच्या करावरून हे सुरू झाले, ती मळी वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांत गुलामांच्या हाडांतून निघत होती. 1773 च्या एप्रिलमध्ये बोस्टनमधल्या चार गुलामांनी प्रतिनिधींना पत्र लिहिले: तुम्हाला गुलाम करू पाहणाऱ्यांविरुद्ध तुम्ही इतक्या बाणेदारपणे उभे राहिलात, म्हणून तुमच्याकडून आम्हाला मोठी अपेक्षा आहे. अपेक्षा पुरी झाली नाही. संमतीशिवाय कर नको म्हणणारी सभा संमतीशिवाय घेतलेल्या श्रमापुढे गप्प बसली. तत्त्व खरे होते, आणि ते आपल्या कुंपणापुरते वापरले गेले. दोन्ही गोष्टी एकत्रच सांगाव्या लागतात.

आता आपल्याकडे वळू. ज्या 1765 मध्ये मुद्रांकाची वसुली अमेरिकेत होऊ शकली नाही, त्याच 1765 मध्ये मोगल बादशहाने कंपनीला बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी दिली, म्हणजे महसूल वसुलीचा अधिकार. तिथे पगार अडवायला सभा नव्हती. वसूल करणारा, खर्च करणारा आणि न्याय देणारा एकच झाला. पाच वर्षांत बंगालात महाभयंकर दुष्काळ पडला आणि वसुली थांबली नाही. हे अमेरिकेत ठाऊक होते. 1773 मध्ये डिकिन्सन यांनी टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात बंगालचे उदाहरण दिले: जमिनीने पीक नाकारले म्हणून नव्हे, तर या कंपनीने अन्नधान्य गिळले म्हणून लाखो माणसे मेली, आणि तीच कंपनी आता आपल्याकडे येते आहे. बोस्टनच्या धक्क्यावरच्या रागात बंगालच्या मढ्यांचाही वाटा होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे.

पुढे हाच खेळ मुंबईच्या गिरण्यांशी झाला. 1896 मध्ये सरकारने विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात कर ठेवला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांना वाईट वाटू नये म्हणून इथल्या गिरणीत विणलेल्या कापडावरही तितकेच अबकारी शुल्क बसवले. स्वतःच्या देशात स्वतःच्या कापसाच्या कापडावर कर, तोही परक्या गिरणीमालकाच्या समाधानासाठी. टिळकांनी त्याविरुद्ध रान उठवले, स्वदेशीचा पुकारा झाला. ते शुल्क जायला 1925 चे साल उजाडले.

‘प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही’ ही घोषणा आज पुष्कळदा अशी माणसे देतात ज्यांना करच द्यायचा नसतो. त्यांनी पुढचा इतिहास वाचावा. स्वतंत्र अमेरिकेने 1791 मध्ये व्हिस्कीवर कर बसवला, पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांनी बंड केले, आणि 1794 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः फौज घेऊन निघाले. कराला त्यांचा विरोध कधीच नव्हता. या वेळी कर ठरवणाऱ्यांना लोकांनी निवडले होते आणि पुढच्या निवडणुकीत ते घरी बसवता येत होते.

आपल्या शहरांकडे याच नजरेने पाहावे, असे मला कळकळीने वाटते. जकातीत भ्रष्टाचार होता, नाक्यावर ट्रकच्या रांगा लागत. ती गेल्याचे दुःख मला नाही. पण जकात हे महापालिकेचे स्वतःचे उत्पन्न होते. मुंबईची जकात 1 जुलै 2017 रोजी, वस्तू व सेवा कर आला त्या दिवशी गेली, आणि तिच्या जागी राज्य सरकारकडून भरपाईचा हप्ता येऊ लागला. पोळी कोणाच्या हातची, तर राज्याची. मग मार्च 2022 मध्ये मुंबई-पुण्यासह कित्येक महापालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या, आणि तीन वर्षांहून जास्त काळ राज्य सरकारने नेमलेला प्रशासक कारभार पाहत राहिला. अंदाजपत्रक मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. घरपट्टी मात्र एका सहामाहीलाही थांबली नाही.

त्या काळात आमच्या गल्लीत जलवाहिनीसाठी खणलेला चर दोन पावसाळे तसाच होता. मी घरपट्टीची पावती खिशात घालून प्रभाग कार्यालयात गेलो. समोरची मुलगी सौजन्याने म्हणाली, “काका, आता नगरसेवकच नाहीत ना. तुम्ही अर्ज द्या, वर पाठवते.” मी विचारले, वर म्हणजे कुठे? तिने नुसतेच छताकडे बोट केले. तिची काही चूक नव्हती. तिला पगार देणाऱ्यांत मी होतो, पण तिच्या साहेबाला जाब विचारण्याची दोरी माझ्या हातात नव्हती.

राज्यांचीही तीच तक्रार आहे. केंद्राने लावलेले उपकर आणि अधिभार राज्यघटनेच्या 270 व्या कलमाप्रमाणे राज्यांबरोबर वाटून घ्यावे लागत नाहीत. कर म्हटला की वाटा द्यावा लागतो, उपकर म्हटला की नाही. पेट्रोलच्या पंपावर उभा असलेला माणूस दोन्ही एकाच किमतीत भरतो. मला पेट्रोल दोन रुपयांनी स्वस्त नको आहे. त्या लिटरमागचा कोणता रुपया कोणाच्या तिजोरीत जातो हे पावतीवर छापलेले हवे आहे, महापालिकेला राज्याच्या मर्जीबाहेरचे हक्काचे उत्पन्न हवे आहे, आणि मुदत संपलेल्या दिवसापासून सहा महिन्यांत निवडणूक झाली नाही तर त्या पालिकेला नवा कर बसवता येऊ नये आणि जुना वाढवता येऊ नये, असा कायदा हवा आहे. राज्यघटनेने बरखास्त पालिकेसाठी सहा महिन्यांची मुदत घालूनच दिली आहे. तिला दात तेवढे नाहीत.

वॉशिंग्टन शहराच्या रहिवाशांना आजही अमेरिकन संसदेत मतदानाचा पूर्ण अधिकार असलेला प्रतिनिधी नाही, आणि ते कर मात्र भरतात. 2000 सालापासून त्यांच्या मोटारींच्या नंबरपाट्यांवर ही तक्रार छापलेली असते. ती पाटी लावून माणसे रोज कामाला जातात, सिग्नलला थांबतात, मागच्या गाडीतला माणूस ती वाचतो.